ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट करताय? या चुका टाळा

तीन महिन्यांत प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, करून द्या, असा फोन महिन्याला एकतरी येतोच. पी हळद अन् हो गोरी! त्यात आता लीड या अमेरिकी ग्रीन बिल्डिंग रेटिंगचं नवं व्हर्जन, व्ही5, एप्रिल 2025 मध्ये आलं आणि त्यातले जवळपास निम्मे पॉइंट कार्बन कमी करण्याशी जोडलेत. पण आपल्याकडचे नवे कन्सल्टंट अजून जुन्या प्रोजेक्टचं एनर्जी मॉडेल (बिल्डिंग किती वीज खाईल याचा कॉम्प्युटरवरचा हिशोब) 'सेव्ह ॲज' करून नाव बदलतात आणि मग नागपूरच्या बिल्डिंगला पुण्याचं हवामान लागतं. हे मी स्वतः पाहिलंय, हसू नका.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे मॉडेलमध्ये बचत दाखवायची आणि प्लांट रूममध्ये कुणी फिरकायचंच नाही. बाणेरकडची एक ऑफिस बिल्डिंग होती, गोल्ड मिळालेलं, लॉबीत पितळी पाटी वगैरे. वर्षभरानं मालकाचा फोन, बिल मॉडेलपेक्षा चांगलंच जास्त येतंय, तुमचं ग्रीन गेलं कुठे? गेलो. एसीचं थंड पाणी (चिल्ड वॉटर) फिरवणाऱ्या दोन्ही पंपांचे व्हीएफडी, म्हणजे स्पीड कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, ऑटोऐवजी हँड मोडवर, 50 हर्ट्झला म्हणजे फुल स्पीडला ठोकलेले. डिझाईनप्रमाणे पाणी 7 डिग्रीला जाऊन 12 ला परत यायला हवं, तिथे 9 लाच परत येत होतं, म्हणजे पाणी नुसतंच फिरतंय, काम काही करत नाही. ऑपरेटर पोराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, फुल चालू ठेवलं की कुणी फोन करत नाय." खरं कारण काय, तर पाचव्या मजल्यावरच्या एका मोठ्या साहेबांच्या केबिनला गरम होत होतं म्हणून त्यानं सगळंच वाढवून ठेवलं. आणि गरम का होत होतं? त्या मजल्याच्या एएचयूचा, म्हणजे हवा थंड करणाऱ्या युनिटचा, स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) चोक झालेला! अर्ध्या दिवसाचं काम.

पंपाची पॉवर स्पीडच्या घनात बदलते, त्यामुळे 50 चे 40 हर्ट्झ केले की वीज जवळजवळ निम्मी होते. अकरा-अकरा किलोवॉटचे दोन पंप, दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस धरा, म्हणजे साधारण 40 हजार युनिट वाचतात. आपल्या ग्रिडची एक युनिट म्हणजे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड, म्हणजे 28 टन, एका चोक झालेल्या जाळीपायी. व्ही5 मध्ये पुढच्या 25 वर्षांच्या उत्सर्जनाचा अंदाज आणि ते कमी करायचा प्लॅन आधीच मागतात, ही अट पॉइंटची नाही, सक्तीची आहे. तो प्लॅन एसी ऑफिसात बसून छान लिहिता येतो हो, पण पंप तो वाचत नाही. माझी सवय अशी की हँडओव्हरनंतर तिसऱ्या महिन्यात मी न सांगता जातो, प्रत्येक पॅनलवरच्या सिलेक्टर स्विचचा (हँड की ऑटो ते दाखवणारा) मोबाईलवर फोटो काढतो आणि सप्लाय-रिटर्नचं तापमान माझ्या स्वतःच्या थर्मामीटरनं बघतो, बीएमएसच्या, म्हणजे बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टीमच्या, स्क्रीनवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक, वरातीमागून घोडं. मटेरियलमधला कार्बन, म्हणजे सिमेंट-स्टील बनतानाच जो सुटतो तो, व्ही5 मध्ये स्ट्रक्चर आणि बाहेरच्या कवचासाठी मोजणं सक्तीचं झालंय. आणि मला मेसेज कधी येतो? "सर, पाचवा स्लॅब पडला, आता कार्बनचा आकडा पाहिजे." आता काय, स्लॅब उकरून विचारू? आरएमसीवाल्याकडे, म्हणजे तयार काँक्रीट देणाऱ्याकडे, मिक्स डिझाईन (काँक्रीटमध्ये काय किती घातलंय ते) मागितलं की तो आज देतो उद्या देतो करतो, कारण बिल तर कधीच पास झालेलं असतं. म्हणून टेंडरमध्येच एक ओळ टाका: मिक्स डिझाईन, सिमेंटचा प्रकार आणि ईपीडी (मालाचा पर्यावरणावरचा परिणाम सांगणारा तपासलेला दाखला) दिल्याशिवाय पेमेंट नाही. बस. थोड्या सिमेंटऐवजी फ्लाय ॲश किंवा स्लॅग घातलेल्या काँक्रीटचा कार्बन कमी, पण ताकद हळू चढते, म्हणून काँट्रॅक्टर शटरिंग अडकतं म्हणून बोंब मारणार, पीटी स्लॅबला (आतल्या केबल ताणून केलेल्या) तर त्याचं म्हणणं खरंच आहे. पण राफ्टला आणि फुटिंगला, म्हणजे पायाला, कसली घाई? तिथे स्ट्रक्चरल कन्सल्टंटला 28 ऐवजी 56 दिवसांची ताकद धरता येईल का विचारा, बहुतेकदा विचारलेलंच नसतं.

बाकीच्या भराभर सांगतो. आधी सोलर टाकून मग भिंतींचा विचार करू नका, उलट करा. एलिव्हेशन खराब दिसतं म्हणून छज्जे उडवले की पश्चिमेच्या बेडरूममधला एसी रात्री बारापर्यंत चालतो, आणि मग इको निवास संहितेतला (घरांसाठीचा ऊर्जा बचतीचा कोड) आरईटीव्हीचा, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा, 15 चा आकडा बसवायला महागडी काच शोधत फिरता. आजीच्या घराला छज्जा होता, तिला कुठलं रेटिंग नव्हतं. एसीतला गॅस बघा: आर-410ए ची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साईडच्या 2088 पट, आर-32 ची 675 पट, त्यामुळे लीक झाला की गॅस टॉप-अप करून मोकळं होऊ नका, जॉइंट शोधा. आणि फक्त जादा एफएसआयसाठी सर्टिफिकेट करत असाल तर माझा नंबर डिलीट करा.

काचेचं मात्र मनावर घ्या. मंजूर एसएचजीसी (काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा) 0.25, साईटवर उतरलेली 0.4, रंग अगदी तोच, डोळ्यांना फरक कळत नाही. पॅनल बसवून स्टिकर सोलून टाकला की भांडायलाही पुरावा उरत नाही, म्हणून ट्रकमधून उतरतानाच स्टिकरचा फोटो काढा.