पऱ्हाटी पेटवू नका, मार्चच्या आत ढिगाला लावा

काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कुठंही बघा. फेब्रुवारीत कपाशीची वावरं मोकळी होतात आणि उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, धुऱ्यावर रचली जाते. थोडी चुलीला जाते, बाकीची मे महिन्यात पेटते. तोवर गंजीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून असते आणि पावसाळ्यात तिचे पतंग पुढच्या कपाशीवर येतात. म्हणून गंजी ठेवायची नाही, हे बरोबर. पण जाळायचीही नाही, ढिगात कुजवून तिचं खत करायचं.

"राख बी खतच हाय ना?" हा प्रश्न ठरलेला. राखेत पालाश आणि चुना उरतो. नत्र जवळपास सगळं, गंधक बरंचसं धुरात जातं. आपल्या काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर, त्यात आणखी कशाला?

तुकडे करून सरळ वावरात गाडली तर? फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या मातीत ती तशीच पडून राहते, कारण ओल नसेल तर कुजवणारे जीव कामच करत नाहीत. जूनमध्ये गाडून लगेच पेरलं तर वेगळाच घोटाळा होतो. पऱ्हाटीत कर्ब फार, नत्र थोडं. बुरशी-जिवाणूंना मात्र २५ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं. काडीत ते मिळालं नाही की ते मातीतलं उचलतात. रोपं पिवळी पडतात आणि आपण टॉनिकची बाटली घेऊन येतो. खरं तर नत्र कुठं गेलेलं नसतं, त्या जिवांच्या अंगात अडकलेलं असतं. ते मेले की पिकाला परत मिळतं, पण तोवर पिकाची सुरुवात हातची जाते.

म्हणून नत्राची ही भूक ढिगातच भागवा. श्रेडरनं बोटभर तुकडे करा. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) असेल तर मिसळा, ते लवकर कुजतं. झाडाच्या सावलीत थर रचा: वीतभर काडी, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण). एक टन काडीकचऱ्याला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन किंवा ट्रायकोडर्मा ही बुरशी पुरते. वरून शेणमातीनं लिंपून घ्या, नाहीतर नागपूरचं ऊन चार दिवसांत ओल पिऊन टाकतं.

आठवड्याभरात ढीग आतून तापतो, ५५ ते ६० अंशांपर्यंत. ही उष्णता बोंडअळीला आणि तणाच्या बियांना मारते. कडेचा माल मात्र थंडच राहतो, म्हणून महिन्यानं ढीग उलथून बाहेरचं आत घाला. काडी मुठीत दाबली की हात ओला व्हावा, पाणी निथळू नये. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं, हवा कमी पडली, लगेच उलथा. साखर, स्टार्च आधी संपतं, मग सेल्युलोज. पऱ्हाटीला कडक ठेवणारं लिग्निन बुरशी शेवटी फोडते, म्हणून चार महिने धरा. मार्च उजाडला की पेरणीआधी खत हाती येत नाही, शिवाय विहिरीचं पाणीही खाली जातं.

उलथल्यावर ढीग पुन्हा तापला नाही आणि मातीसारखा वास आला की खत तयार. शेवटच्या वखरपाळीआधी वावरात पसरा.

संत्रावाल्यांनी आळ्यात कुटाराचं आच्छादन जरूर करावं, पण बुंध्यापासून हातभर लांब. बुंध्याला ओलं कुटार चिकटून राहिलं की डिंक्या रोगाला (यात बुंध्यातून डिंक गळतो) आयतीच जागा मिळते.