सर्जनशीलतेसाठी प्रयोगवही कशी ठेवावी

‘रोज काहीतरी नवीन करा, सर्जनशीलता आपोआप वाढेल’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो देणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात तुम्ही नवीन काय केले आणि त्यातून काय निघाले? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे असते, दुसऱ्याचे नसते. नवी वाट, नवा पदार्थ, नवा छंद असे करत माणूस दमतो आणि हाती काही लागत नाही, कारण आपण ‘करून पाहतो’ असे म्हणत असलो, तरी त्यातले करणे तेवढे होते आणि पाहणे राहून जाते. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, २६ वर्षे नोकरी करताना, आणि त्यांतली शेवटची १४ वर्षे घरी प्रयोगांची वही लिहिताना, मला जी पद्धत जमली ती येथे देत आहे. वही साधी शंभर पानी घ्यावी. सुंदर बांधणीची वही घेतली की पहिले पान खराब होईल या भीतीने ती कोरीच राहते, हे माझ्या कपाटातल्या दोन वह्यांनी सिद्ध केले आहे.

विषय, बदल आणि अंदाज

आठवड्यातून तीन वेळा तरी हातून होणारे काम विषय म्हणून निवडावे. स्वयंपाक, चित्र, शिवण, कुंड्यांतली बाग, यांपैकी काहीही चालेल. चुकल्यास दुसऱ्याला भोगावे लागेल अशा गोष्टींवर, म्हणजे औषधे, विजेची जोडणी आणि उसने घेतलेले पैसे यांवर, प्रयोग करू नयेत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीचे सर्व नेहमीप्रमाणे ठेवावे. मिसळीच्या कटात मिरचीची जात, तेलाचे प्रमाण आणि फोडणीची वेळ एकाच दिवशी बदलणाऱ्याला चव वेगळी लागेल, पण ती कशाने वेगळी झाली हे कधीच कळणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी, काय होईल असे वाटते ते एका ओळीत लिहावे. ही ओळ वगळण्याचा मोह फार होतो, कारण अंदाज चुकलेला पुन्हा वाचणे कोणालाच आवडत नाही. तरीही ती वगळू नये. अंदाज लिहिलेला नसला, की जे घडले तेच आपल्याला आधीपासून ठाऊक होते, असे मन दुसऱ्या दिवशी बेमालूमपणे सांगू लागते, आणि ज्या आश्चर्यासाठी हा सारा खटाटोप केला तेच हरवते.

घडले ते लिहिणे

आता ज्या पायरीवर मी स्वतः कित्येक महिने अडकलो, तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्या पहिल्या वहीतली सुरुवातीच्या तीन महिन्यांची पाने आज वाचली तर त्यांत ‘छान जमले’, ‘मजा आली नाही’, ‘रंग बरा आला’, ‘पुन्हा करू नये’ यांपलीकडे काहीही सापडत नाही. ही सगळी मते आहेत. मतातून पुढचा प्रयोग सुचत नाही, कारण त्यात धरायला काही नसते.

लाजेची गोष्ट अशी की हा धडा मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाला होता. पंपाच्या बॉडीचे एक कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग, रद्द झाले, तेव्हा मी नोंदवहीत ‘कास्टिंग खराब’ असे लिहून मोकळा झालो. आमच्या मिस्त्रींनी ते वाचले आणि म्हणाले, ‘‘खराब झालंय ते मला बी दिसतंय. कुठं झालंय, कसं झालंय, ते लिही की.’’ मग त्यांनी मला ते कास्टिंग बोटांनी चाचपायला लावले. पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर तेथे वायू अडकलेला असतो, म्हणजे साच्याच्या वाळूतला ओलावा आणि वायूला बाहेर पडायची वाट तपासायची. पोकळी वेडीवाकडी आणि खडबडीत असून जाड भागात असेल तर थंड होताना धातू आकसला आहे आणि त्याला वरून पुरेसा रस मिळाला नाही, म्हणजे रायझरकडे, साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याकडे, पाहायचे. दोन्ही कास्टिंग खराबच, पण उपाय निराळे, आणि ‘खराब’ या शब्दातून त्यांपैकी एकही निघत नाही. हे कारखान्यात रोज पाळणारा माणूस घरी वही उघडून ‘मजा आली नाही’ असे लिहीत होता.

कोल्हापूरकराला हा फरक समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी चढू लागले की ‘पाणी लई वाढलंय’ या वाक्यावर येथे कोणाचेच समाधान होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट किती इंच, हे विचारले जाते, कारण ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. मागच्या तासाला किती होते हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. वहीतली नोंद अशीच असावी. जागा, माप, वेळ, क्रम, रंग, वास, आवाज यांपैकी निदान तीन गोष्टी तीत असाव्यात. नोंद उतरली की नाही हे तपासण्याची माझी कसोटी साधी आहे: जो त्या वेळी तेथे नव्हता, त्याला ही ओळ वाचून डोळ्यांपुढे काही दिसते का? ‘रस्सा बिघडला’ यातून काही दिसत नाही. ‘नारळाचे दूध घातल्यावर चौथ्या मिनिटाला कडेने पांढरे कण दिसू लागले आणि वर पाण्यासारखा पातळ थर आला’ यातून दिसते.

नोंद दहा मिनिटांच्या आत करावी. जेवण आटोपल्यावर लिहू, निजताना लिहू, असे म्हणणाऱ्याच्या वहीत अखेर मतेच उरतात, कारण आठवणीतून तपशील आधी गळतो आणि मत मागे राहते. मोबाइलने फोटो काढून ठेवणे हा पर्याय अनेक जण सुचवतात आणि मला तो मुळीच मान्य नाही. फोटोत समोरचे सगळे येते, पण त्यातले तुमच्या लक्षात काय आले हे येत नाही. वास आणि आवाज तर येतच नाहीत.

आणखी एक इशारा देतो, कारण यात मी सर्वांत जास्त काळ फसलो. नोंद करताना कारण लिहू नये. पांढरा रस्सा फुटला त्या दिवशी मी प्रामाणिकपणे कण, थर, वेळ असे सगळे लिहिले आणि पुढे जोडले, ‘नारळ जुना होता.’ त्या तीन शब्दांनी माझे दीड वर्ष खाल्ले. त्यानंतर रस्सा फुटला की मी नारळवाल्याला दोष देत असे आणि फुटला नाही की नारळ ताजा होता असे मानत असे. शेवटी एके दिवशी एकाच नारळाचे दूध दोन भागांत केले, एकाच अळणीचे, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याचे, दोन भाग केले, एका पातेल्याला झाकण ठेवून खळखळ उकळी येऊ दिली आणि दुसऱ्यात आच मंद करून दूध घातल्यावर उकळी येऊच दिली नाही. पहिले फुटले, दुसरे गुळगुळीत राहिले. नारळ बिचारा निर्दोष होता. कारण सापडल्यासारखे वाटले की डोळे पाहणे थांबवतात, म्हणून मी उजव्या बाजूला कारणासाठी वेगळा रकाना आखतो आणि तो निदान एक रात्र कोरा ठेवतो.

पाहण्याची ही सवय कशी असते हे प्रत्यक्ष बघायचे असेल, तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर दोन तास बसावे. काहिलीतला रस आटत येतो तेव्हा गुळव्या बुडबुडे कसे फुटतात ते पाहतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांत दाबून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. त्याला विचारले तर तो मत सांगत नाही, गोळी दाखवतो. त्या दोन तासांत फुकटचा गरम गूळही खायला मिळतो, हा वेगळा फायदा.

जुन्या नोंदींची जोड लावणे

महिन्याने वही उघडावी आणि ज्या ओळींत अंदाज आणि घडलेले यांत सर्वांत मोठे अंतर आहे, त्यांच्यापुढे लाल खूण करावी. यशस्वी प्रयोगांकडे या वेळी दुर्लक्ष करावे. मग खुणा केलेल्या दोन ओळी, शक्यतो अगदी वेगळ्या विषयांच्या, शेजारी लिहाव्यात आणि एकीतली कृती दुसरीत घातली तर काय होईल, असे विचारावे. बहुतेक जोड्या निरर्थक निघतात. दहांपैकी नऊ मी खोडतो.

न खोडलेली एक सांगतो. गुऱ्हाळावरची थंड पाण्याची परीक्षा माझ्या वहीत होती, आणि दिवाळीतल्या उरलेल्या मेणाविषयीची एक कंटाळवाणी नोंदही होती. मेण पाण्यात टाकले तर गुळासारखी गोळी होईल, असा अंदाज लिहिला. झाली नाही. वीतभर उंचीवरून ओतलेले मेण पाण्यात बुडून वर येताना चुरगळलेल्या पाकळीसारखे झाले, तर पृष्ठभागाला अगदी टेकवून ओतलेल्याची पातळ चकती झाली. नंतर फक्त उंची बदलत गेलो आणि त्या दिवाळीला तरंगत्या पणत्यांभोवती लावायला घरची मेणफुले तयार झाली. (मेण थेट आचेवर वितळवू नये; उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे.) मेणफुले करायची असे ठरवून मी बसलो असतो, तर बाजारातल्या साच्यांपलीकडे मला काहीही सुचले नसते.

असे काही ऐकवले की लोक ‘ती देणगीच असावी लागते’ म्हणतात आणि कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचे नाव घेतात. नाव योग्य आहे, पण त्यांची हकिकत नीट वाचावी. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव आणि आनंदराव हे दोघे सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवण्याच्या मागे लागले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले तेव्हाही तो पुरा झाला नव्हता, आणि पुढे बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये तो पुरा केला. देणगीबद्दल मी वाद घालणार नाही, पण मधली वर्षे कोणी मोजत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

आठवड्याला दोन प्रयोग पुरेत. रोज एक करायला गेले की नोंदी पुन्हा ‘छान जमले’वर येतात.

प्रयोग स्वयंपाकघरात चालणार असेल तर घरच्यांना आधी सांगावे. आमच्याकडे हा करार लेखी आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर माझ्या पत्नीच्या अक्षरात आहे: रविवारच्या मटणाला हात लावायचा नाही, पाहुणे असताना काहीही बदलायचे नाही, आणि फुटलेला रस्सा ज्याने फोडला त्यानेच संपवायचा.