एकच अर्ज सगळीकडे पाठवण्याआधी

बी.कॉम. झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी साधारण साठ ठिकाणी अर्ज पाठवले. राहायला कळव्याला. एका बाजूला ठाण्याची वागळे इस्टेट, दुसरीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेली टीटीसी एमआयडीसी, तुर्भ्याची एपीएमसी म्हणजे घाऊक शेतमालाची बाजार समिती, ऐरोलीतली मोठमोठी आयटी पार्क. एवढ्या ठिकाणी अकाउंट्सला माणूस लागतोच, म्हणून एक अर्ज लिहिला आणि तोच सगळ्यांना पाठवत राहिले. दोन फोन आले. त्यातल्या एकाला विमा एजंट हवा होता.

दुसऱ्या फोनवरून महापेला गेले. पॅकिंगचं सामान बनवणारा लहान कारखाना होता. अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमनी माझा कागद समोर ठेवून विचारलं, "यात आमच्याकडचं काम कुठे आहे?" त्यांच्या जाहिरातीत खरेदीच्या नोंदी आणि टू-बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवणी असं स्पष्ट लिहिलं होतं. हे काम मी नौपाड्यातल्या एका सीएंकडे सात महिने रोज केलं होतं. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी तयार झालं की खरेदीच्या रजिस्टरशी एकेक बिल जुळवायचं, ज्याचं बिल दिसत नाही त्या पार्टीला फोन लावायचा आणि 20 तारखेच्या थ्री-बीआधी, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नआधी, सगळं मिटवायचं. माझ्या अर्जात मात्र एवढंच होतं: 'अकाउंटिंग व टॅक्सेशनचे ज्ञान'. मॅडम म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते वरच लिहिलं असतंत, तर मी तुम्हाला गेल्या आठवड्यात बोलावलं असतं. आता मी एकीला हो म्हणून बसलेय."

ते वाक्य घेऊन मी घणसोली स्टेशनपर्यंत चालत आले.

एकच अर्ज वापरण्यात काही गैर आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. साठ अर्ज साठ वेळा कोणी लिहू शकत नाही. पण त्यातलं काय कायम ठेवायचं आणि काय बदलायचं, हे आधी ठरवायला हवं. मी ते उशिरा ठरवलं.

कायम राहणारा भाग एकदाच, घाई न करता लिहा. शिक्षण, वर्षं, टक्के, कुठून कुठपर्यंत काम केलं ते महिन्यासकट. आणि नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी, पॅनवर तिसराच प्रकार असतो; लग्न झालेल्या मुलींची आणखी वेगळी अडचण. अर्जात आधारवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा, कारण पुढे पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) आधारशी जुळावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीचं पीएफचं काम एका अक्षरामुळे अडून राहिलं. दोन अर्जांत दोन वेगळ्या तारखा असणं तर त्याहून वाईट. तिथे माणूस खोटं बोलतोय असंच समोरच्याला वाटतं.

बदलायच्या असतात त्या वरच्या चार ओळी. 'अकाउंट्स असिस्टंट' हा एकच शब्द या पट्ट्यात निदान चार वेगळ्या कामांसाठी वापरतात.

एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजी, फळ, धान्य, मसाला असे पाच बाजार आहेत. तिथल्या गाळ्यावर शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), अडत (दलाली), पार्टीची खाती आणि उधारीची वसुली बघावी लागते, आणि कामाची वेळ पहाटेची असू शकते. 'पहाटे येऊ शकते' एवढे तीन शब्द तिथे टक्केवारीपेक्षा जास्त मोलाचे आहेत. न्हावा शेवा बंदराच्या कामावर चालणाऱ्या कस्टम्स एजंटांची ऑफिसं वाशी-बेलापूरला आहेत. त्यांच्या बिलात एजन्सी चार्जेस आणि पार्टीच्या वतीने भरलेले खर्च वेगळे दाखवावे लागतात, कारण दोन्हींचा जीएसटी सारखा धरत नाहीत. हा फरक माहीत असेल तर तो एका ओळीत लिहा. सीएंच्या ऑफिसात रिटर्न किती भरलीत, ऑडिटला व्हाउचिंग (नोंदी मूळ बिलांशी ताडणं) केलंय का, हे बघतात. ऐरोलीच्या मोठ्या कंपन्यांत परदेशी ग्राहकांची बिलं तपासायची असतात. तिथे शिफ्ट, इंग्रजी ईमेल आणि एक्सेल लागतं, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फारसं नाही.

मी माझा मूळ कागद ठेवला आणि त्याच्या वरच्या भागाच्या चार प्रती केल्या. जे काम केलं नव्हतं ते कुठल्याच प्रतीत घातलं नाही. केलेल्या कामातलं काय आधी सांगायचं, एवढंच बदललं. नवी जाहिरात आली की योग्य प्रत उचलायची आणि जाहिरातीतला एखादा शब्द आपल्या कामाला खरंच लागू असेल तर तो त्यात आणायचा. दहा मिनिटांत होतं.

नोकरीच्या पोर्टलवर एका बटणाने अर्ज जातो, तिथे हे जमत नाही. एकच प्रोफाइल सगळ्यांना दिसतं. म्हणून तिथे हेडलाइनमध्ये एकच काम ठरवून लिहा. मी 'जीएसटी आणि टू-बी जुळवणी, टॅली' असं लिहिलं. पगाराची अपेक्षा, किती दिवसांत रुजू होणार, असे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं सगळीकडे सारखीच द्या. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे 2015 मध्ये सुरू झालेलं पोर्टलही आहे, तिथे नोंदणीला पैसे पडत नाहीत.

बँकेची तयारी करणाऱ्यांचं गणित उलटं आहे. आयबीपीएस या बँकभरती घेणाऱ्या संस्थेच्या परीक्षेत एकच अर्ज अनेक सरकारी बँकांना चालतो (स्टेट बँकेची भरती वेगळी). तिथे आपली चार वाक्यं नसतात, फक्त अचूकपणा लागतो. कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, क्लार्कसाठी एकच राज्य निवडता येतं. सूचना पूर्ण वाचून फॉर्म भरा. शेवटच्या दिवशी रात्री भरू नका, एवढी कळकळीची विनंती.

ईमेलबद्दल थोडंसं. मी सुरुवातीला वीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये टाकले होते आणि प्रत्येकीला बाकीच्या एकोणीस दिसत होत्या. तसं करू नका. एका मेलला एकच पत्ता, विषयात पद आणि ठिकाण, फाइल पीडीएफ, तिला स्वतःचं नाव. पत्त्यात 'कळवा, ठाणे' एवढं पुरे, पण ते हवंच. 2024च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून आमच्या बाजूच्या मुलांना रबाळे-महापे बरंच सोपं झालंय, आणि माणूस वेळेवर येईल का हे मालक पत्त्यावरूनच बघतात.

आपला नंबर इतक्या ठिकाणी गेला की नको तेही फोन येतात. स्टेशनजवळच्या एका ऑफिसात मला 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागितले गेले. तिथून उठून बाहेर आले, तुम्हीही या. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

शेवटची सवय वहीची. तारीख, कंपनी, कुठली प्रत पाठवली, कोणाशी बोलणं झालं. रबाळ्याहून फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये उभी होते. पलीकडून विचारलं, "टू-बीचं लिहिलंय, किती पार्ट्यांचं बघायचात?" वही पर्समध्येच होती. कुठली प्रत गेली होती ते बघितलं आणि सांगितलं, "अकरा पार्ट्या, सर." सोमवारी बोलावलं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू झाले.