संघ आणि सामन्यांचं वर्डप्रेस प्लगइन बनवताय? या चुका टाळा

संघ, खेळाडू, सामने आणि गुणतक्ता एवढं दाखवणारं वर्डप्रेस प्लगइन (वर्डप्रेसवरच्या साइटला जोडायचा जास्तीचा प्रोग्रॅम) चार सुट्ट्यांत उभं राहतं. कबड्डी मंडळ असो, शाळेची फुटबॉल टीम असो की सोसायटीची टेनिस बॉल लीग, पहिला हंगाम बहुधा सुरळीत पार पडतो. गडबड सुरू होते ती दुसऱ्या हंगामात. खेळाडू संघ बदलतात, नियम बदलतात, एखादा संघ बंद पडतो आणि फोन वाजायला लागतात. त्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: कोडने आत्ता काय आहे ते साठवलं, तेव्हा काय होतं ते साठवलंच नाही.

खेळाडूच्या नावापुढे संघ लिहून मोकळं होणं

लक्षण असं दिसतं: गेल्या वर्षीच्या फायनलचं पान उघडलं, तर ज्या रेडरने आपल्याला सामना जिंकून दिला तो समोरच्या संघात दिसतो. कारण खेळाडूच्या नोंदीत ‘संघ’ ही एकच जागा आहे. यंदा ती बदलली आणि जुने सगळे सामने तिच्याकडेच बघतात.

खेळाडू ही एक नोंद ठेवा, आणि तो कुठल्या हंगामात कुठल्या संघाकडून, किती नंबरची जर्सी घालून खेळला याची नोंद वेगळ्या टेबलात ठेवा. त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा हव्यात, म्हणजे हंगामाच्या मध्येच कोणी संघ सोडला तरी अडचण येत नाही. त्याहून पक्कं काम करायचं असेल तर प्रत्येक सामन्याच्या नोंदीतच त्या दिवशीचा संघ कोरून ठेवा. जागा थोडी जास्त लागते, लागू द्या.

हेच बंद पडलेल्या संघालाही लागू आहे. आयोजक संघ थेट डिलीट करतात आणि जुन्या गुणतक्त्यात रिकामे रकाने उरतात. ज्या संघाच्या नावावर एक जरी सामना आहे, तो डिलीट होऊच देऊ नका. ‘निष्क्रिय’ करण्याची सोय द्या.

गुणांचे नियम कोडमध्ये कोरणं

विजयाला ३, बरोबरीला १. फुटबॉलमध्ये हे इतकं सवयीचं आहे की आपण डोळे मिटून तेच आकडे कोडमध्ये टाकतो. पण विश्वचषकात विजयाला ३ गुण १९९४ पासून मिळायला लागले, त्याआधी २ मिळायचे. प्रो कबड्डीत अनेक हंगाम विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ असा हिशेब होता. २०२५ च्या हंगामात तो बदलला. गल्लीतल्या लीगमध्ये तर कमिटीची बैठक झाली की नियम बदलतो. म्हणून गुण ही हंगामाची सेटिंग हवी, प्लगइनची नव्हे. समान गुण झाले तर आधी काय बघायचं तेही तिथेच ठरू द्या: प्रीमियर लीग गोलफरक बघते, तर स्पेनची ला लीगा आधी त्या दोन संघांमधले आपसातले सामने बघते.

शून्य म्हणजे रिकामं समजणं

ही चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ खाते. सामना ०-० सुटला, आयोजकाने निकाल भरला, सेव्ह केला, तरी तक्त्यात दोन्ही संघांचा एकेक गुण दिसत नाही. कोडमध्ये ‘निकाल भरलाय का’ हे पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) एम्प्टी या फंक्शनने तपासलेलं असतं, आणि पीएचपीच्या लेखी शून्य हेसुद्धा रिकामंच! मोकळी चौकट आणि शून्य यांत फरक करणारी तपासणी हवी. आकडा आहे की नाही एवढंच विचारा. आणि सामन्याची स्थिती वेगळ्या रकान्यात ठेवा: व्हायचाय, झाला, पावसाने रद्द, पुढे ढकलला, वॉकओव्हर. गुणांवरून स्थिती ओळखायला गेलात की फसलात.

षटकं दशांश समजून मिळवणं

क्रिकेट लीगवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. एका सामन्यात १८.४ षटकं, दुसऱ्यात १९.५. साधी बेरीज ३७.९ येते आणि नेट रनरेट चुकतो. हिशेब चेंडूंत करा: ११२ अधिक ११९ म्हणजे २३१ चेंडू, अर्थात ३८.३ षटकं. डेटाबेसमध्ये फक्त चेंडू साठवा, षटकं पडद्यावर दाखवताना काढा. आणखी एक खोच: २० षटकांच्या सामन्यात संघ १४.२ षटकांत सर्वबाद झाला तर नेट रनरेटसाठी पूर्ण २० षटकं धरतात. हे विसरलं की उपांत्य फेरीत कोण जाणार यावरून भांडण ठरलेलंच.

वेळ साडेपाच तासांनी मागे

दुपारी ४ चा सामना सकाळी १०:३० ला दिसतोय? वर्डप्रेस पीएचपीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं, आणि तुम्ही पीएचपीचं साधं डेट फंक्शन वापरलंय. वेळ यूटीसीमध्ये साठवा आणि दाखवताना वर्डप्रेसचं डब्ल्यूपी-डेट हे फंक्शन वापरा, ते ५.३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. सेटिंगमध्येही शहर निवडायला सांगा, नुसता तासांचा फरक नको. भारतात दोन्ही सारखंच चालतं, पण तुमचं प्लगइन न्यू जर्सीच्या मराठी मंडळींनी त्यांच्या लीगसाठी घेतलं की मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळ सरकतं, आणि नुसत्या फरकाच्या सेटिंगला ते कळत नाही.

मराठी नावांच्या लिंका

‘श्री छत्रपती शिवाजी क्रीडा मंडळ, कुर्डुवाडी’ आणि ‘श्री छत्रपती शिवाजी क्रीडा मंडळ, करमाळा’ असे दोन संघ आहेत असं समजा. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्राही वेगळी धरून, ९ चिन्हं खातं, आणि वर्डप्रेस २०० चिन्हांवर कात्री चालवतं. दोन्ही लिंका ‘क्री’पाशीच तुटतात. दुसऱ्या संघाच्या लिंकला मागे २ लागतो आणि कुठली लिंक कोणाची हे कोणालाच कळत नाही. संघ जोडतानाच रोमन लिपीतलं छोटं नाव विचारून घ्या आणि लिंक त्यावरून बनवा.

लिंकांचाच दुसरा प्रश्न: नवीन प्लगइन चालू केल्यावर संघाच्या पानांवर ४०४ येतो. तात्पुरता उपाय म्हणजे पर्मालिंक (पानांच्या कायमच्या लिंका) सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा सेव्ह करणं. खरा उपाय, चालू करतानाच पोस्ट टाइप (संघासारख्या पानांचा वेगळा प्रकार) नोंदवून रिराइट नियम (कुठल्या लिंकवर कुठलं पान उघडायचं ते ठरवणारे) एकदा ताजे करणं. प्रत्येक पान उघडताना ते करू नका, साइट रडायला लागते. आणि पोस्ट टाइपला नुसतं ‘टीम’ नाव देऊ नका. अर्ध्या थीममध्ये ‘आमची टीम’ म्हणून ऑफिसातली माणसं आधीच तिथे बसलेली असतात.

एक्सेलमधून यादी आणताना

निकालाच्या रकान्यात ‘२-१’ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. दोन्ही संघांचे गोल दोन वेगळ्या रकान्यांत मागा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली नाही. तसं सेव्ह केल्यावर पहिलाच रकाना ‘सापडला नाही’ म्हणत असेल, तर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण आलेली असते. वाचताना ती काढून टाका.

मुलांची माहिती उघड्यावर

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, म्हणून जन्मतारीख लागतेच. पण ती रेस्ट एपीआयमध्ये (बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटची माहिती देणाऱ्या वर्डप्रेसच्या वाटेवर) दिसू दिली की लॉगिन न करताही कोणीही सगळी यादी उचलू शकतो. आधार कार्डाचे फोटो अपलोड फोल्डरमध्ये पडले तर त्यांची लिंक हाती आलेल्या कोणालाही ते दिसतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं मूल म्हणजे पालकांची संमती आली. माझं मत स्पष्ट आहे: कागद साठवूच नका. ‘वय तपासलं, कोणी, कधी’ एवढीच नोंद पुरे.

शिवाय नॉन्स (वर्डप्रेस फॉर्मसोबत पाठवतं तो तात्पुरता छुपा कोड) म्हणजे परवानगी नव्हे. विनंती आपल्याच फॉर्ममधून आली एवढंच तो सांगतो. हा माणूस या संघाचा निकाल बदलू शकतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

अपडेट पाठवताना

नव्या आवृत्तीत टेबलात रकाना वाढवला, तुमच्याकडे चाललं, लोकांकडे एरर. कारण अ‍ॅक्टिव्हेशन हुक, म्हणजे प्लगइन चालू करताना धावणारा कोड, अपडेटच्या वेळी चालतच नाही. डेटाबेसची आवृत्ती ऑप्शनमध्ये साठवा आणि प्लगइन लोड होताना ती जुळते का बघून बदल करा. टेबलं बनवणारं-बदलणारं वर्डप्रेसचं डीबी-डेल्टा फंक्शन वापरत असाल तर प्रायमरी की या शब्दांनंतर दोन स्पेस लागतात, एक नाही. हसू येईल, पण नियम तसाच आहे. अपडेट लोकांपर्यंत पोचलंच नाही, तर रीडमी फाइलमधला स्टेबल टॅग (लोकांना कुठली आवृत्ती द्यायची ते सांगणारी ओळ) बघा. तो जुन्याच आकड्यावर अडकलेला असतो.

चाचणीसाठी निदान दोन पूर्ण हंगामांचा डेटा भरलेली साइट ठेवा, कारण रिकाम्या साइटवर वरचं जवळजवळ काहीच सापडत नाही. आणि डीअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर टेबलं पुसू नका. ‘साइट हळू झालीय, प्लगइन बंद करून बघा’ हा सल्ला प्रत्येक होस्टिंगवाला देतो, आणि आयोजक तो लगेच ऐकतात. पुसायचंच असेल तर प्लगइन काढून टाकताना, तेही स्पष्ट विचारून, आणि त्याआधी सगळे निकाल फाइलमध्ये उतरवून घेण्याचं बटण देऊन.