मॉनिटर कॅलिब्रेट केला तरी प्रिंटमध्ये रंग चुकतायत? आधी हे तपासा

मॉनिटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचे रंग मोजून बरोबर करणं, केलं आणि तरी प्रिंट काळपट किंवा भलत्याच रंगाची आली, की बरेच जण पुन्हा कॅलिब्रेशनच करत बसतात. तसं करू नका. गडबड मॉनिटरमध्ये आहे, प्रिंट सेटिंगमध्ये आहे की प्रिंट बघताय त्या उजेडात आहे ते आधी शोधा, नाहीतर शाई आणि कागद दोन्ही वाया.

शोधायचं कसं? नेटवर प्रिंटर टेस्ट इमेज फुकट मिळतात, त्यात चेहरे, राखाडी पट्टे, गडद भाग सगळं असतं. ती एडिट न करता तशीच प्रिंट करा. प्रिंट छान आली, राखाडी खरंच राखाडी दिसला, तर प्रिंटर ठीक आहे आणि मॉनिटरच तुम्हाला चुकीचं दाखवतोय, त्यामुळे तुमचं एडिटिंग चुकतंय. टेस्ट इमेजवरच हिरवट किंवा जांभळट झाक आली तर मॉनिटरला हातही लावू नका, गडबड प्रिंट सेटिंगमध्ये किंवा प्रिंटरमध्ये आहे.

काळपट प्रिंटचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, मॉनिटरचा ब्राइटनेस. स्क्रीन झगझगीत असली की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, मग आपण तो एडिटमध्ये गडद करतो आणि कागदावर तो अजूनच गडद उतरतो. प्रिंटसाठी ८० ते १२० निट्स (स्क्रीनचा उजळपणा मोजायचं एकक) पुरतात, १०० पासून सुरुवात करा. सुरुवातीला स्क्रीन मंद वाटेल, थोडा वेळ द्या, डोळे सरावतात. मोजायला कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजळपणा मोजायचं यंत्र, नसेल तर ज्या उजेडात प्रिंट बघता त्याच उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. अगदी अचूक नाही, पण फरक लगेच कळतो.

कॅलिब्रेशन करताना मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेवा. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड सगळं बंद, यातलं एक जरी चालू राहिलं तरी मोजमाप फुकट जातं. टार्गेट डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विन (पांढरा किती पिवळसर की निळसर ते) आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२ ठेवा. स्क्रीन कागदापेक्षा निळसर वाटली तर केल्विन थोडं खाली आणा, आकडा पाळण्यापेक्षा कागदाशी जुळणं महत्त्वाचं. सॉफ्टवेअरने बॅकलाइटचा प्रकार विचारला तर अंदाजाने क्लिक करू नका, वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणाऱ्या) मॉनिटरवर चुकीचा पर्याय निवडला की पांढऱ्यालाच झाक येते.

नंतर सिस्टिम सेटिंगमध्ये नवीन प्रोफाइल, म्हणजे कॅलिब्रेशनमधून बनलेली मॉनिटरच्या रंगांची फाइल, खरंच लागू आहे ना ते बघा. कॅलिब्रेशनची दोन सॉफ्टवेअर असतील तर एकाने केलेलं दुसरं पुसून टाकतं. आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरची प्रोफाइल वर्किंग स्पेस (फोटो एडिट करताना वापरायची रंगांची व्याप्ती) म्हणून लावू नका, ही चूक फार दिसते. तिथे एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबीच हवं.

प्रिंटवर झाक येण्याचं मोठं कारण म्हणजे डबल कलर मॅनेजमेंट. रंग एकतर फोटोशॉपने सांभाळावेत नाहीतर प्रिंटर ड्रायव्हरने, दोघांनी मिळून नाही. फोटोशॉपला काम दिलं तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा आणि कागदाची प्रोफाइल त्याच प्रिंटरची, त्याच कागदाची निवडा. मीडिया टाइपही तोच, कारण शाई किती पडायची ते त्यावर ठरतं. पट्टे दिसत असतील किंवा एखादा रंगच गायब असेल तर आधी नोझल चेक करा, म्हणजे शाईची छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारी छपाई.

सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच आधी बघणं, जरूर वापरा. पेपर कलरचा पर्याय लावला की फोटो एकदम फिका दिसतो, घाबरू नका, कागदावर स्क्रीनइतका पांढरा आणि काळा येतच नाही. रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदावर न येणारे रंग कसे बदलायचे तो पर्याय, असा निवडा: भडक रंगांतले बारकावे सपाट होत असतील तर पर्सेप्चुअल, नाहीतर रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (गडद भागातले बारकावे राखणारा पर्याय) चालू ठेवून.

प्रिंट पिवळ्या बल्बखाली बघून निकाल देऊ नका. छपाईच्या धंद्यात डी५० म्हणजे ५००० केल्विनचा उजेड वापरतात, ते नसेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा. आणि शाई पूर्ण वाळू द्या, ओली असताना रंग वेगळे दिसतात.

लॅबमधून प्रिंट काढत असाल तर त्यांच्याकडून आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या प्रिंटर आणि कागदाच्या रंगांची फाइल) मागून घ्या आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला स्पष्ट सांगा.