रिसर्च पेपर लिहायला बसण्याआधी झोटेरो नीट लावून घ्या, माझी तयारीची यादी

झोटेरो म्हणजे रेफरन्स जमवून ठेवणारं आणि पेपरात घालून देणारं सॉफ्टवेअर. पहिली गोष्ट, संदर्भ वाचायला सुरुवात कराल त्याच दिवशी ते टाका, लिहून झाल्यावर नाही. दरवर्षी सबमिशनच्या आठवड्यात कोणी ना कोणी ज्युनिअर लॅपटॉप घेऊन येतो, वर्डमध्ये ऐंशी-नव्वद रेफरन्स हाताने टाइप केलेले असतात, काही एपीए स्टाइलमध्ये (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची रेफरन्स लिहायची पद्धत) काही कसेही, आणि विचारतो की ताई हे आता झोटेरोत कसं घालू. घालता येतं की, पण एकेक रेफरन्स परत शोधावा लागतो, आणि मग कळतं की ज्या वाक्याला पान नंबर द्यायचाय ते पुस्तक जयकर लायब्ररीला परत करून सहा महिने झालेत. त्या वेळी त्या पोराचा चेहरा बघवत नाही, म्हणून ही यादी लिहितेय. माझा विषय पुण्याचं पाणी आणि १९६१ चा पानशेतचा पूर, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, पण केमिस्ट्रीवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोणतं सॉफ्टवेअर यावर फार वेळ घालवू नका. झोटेरो फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतल्या इतिहासवाल्यांनी २००६ साली काढलं, म्हणूनच त्यात पत्र, हस्तलिखित, वर्तमानपत्रातला लेख, मुलाखत असे प्रकार पहिल्यापासून आहेत आणि आमच्यासारख्यांना ते बरं पडतं. मेंडेलीही चालतं, २०१३ पासून ते एल्सव्हिअरकडे आहे. एंडनोटला पैसे पडतात, डिपार्टमेंटने घेऊन दिलं असेल तर वापरा. वर्डऐवजी लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्यांनी झोटेरोत बेटर बिबटेक हे प्लगिन टाकून घ्यावं. तुमचा गाइड आणि लॅबमधले बाकीचे जे वापरतात तेच घ्या, कारण अडलात की शेजारच्या टेबलवरचा माणूसच मदतीला येणार आहे.

टाकताना दोन गोष्टी लागतात, मुख्य अ‍ॅप आणि ब्राउझरमधला कनेक्टर, म्हणजे वेबपानावरून नोंद झोटेरोत उचलणारं बटण. वर्डचं प्लगिन अ‍ॅपबरोबर आपोआप येतं, फक्त इन्स्टॉल करताना वर्ड बंद ठेवा आणि नंतर उघडून वर झोटेरोचा टॅब दिसतोय का ते बघा. दिसत नसेल तर तिथेच थांबून आधी ते सोडवा, पुढे जाऊ नका. मग अकाउंट काढून सिंक चालू करा. फुकटात ३०० एमबी मिळतात, पण एक लक्षात घ्या की ही मर्यादा जोडलेल्या फाइलींना आहे, नोंदींना (लेखक, शीर्षक, साल अशी एकेका रेफरन्सची माहिती) नाही, नोंदी कितीही ठेवा. जुने सरकारी रिपोर्ट स्कॅन केलेले असतात, एकेक पीडीएफ पन्नास-साठ एमबीची, पाच-सहा घातल्या की भरलं. मी फाइलींचं सिंक बंद ठेवते, नोंदींचं चालू ठेवते, आणि दर रविवारी झोटेरोचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करते. ते फोल्डर कुठल्याही क्लाउड सिंकवाल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, आत एक डेटाबेसची फाइल असते आणि एकीकडे झोटेरो लिहितंय, दुसरीकडे सिंक ती उचलतंय असं झालं की ती खराब होते.

आता खरं काम. सॉफ्टवेअर रेफरन्स बरोबर आहे की चूक हे बघत नाही, तुम्ही जे भरलं तेच छापतं, म्हणून नोंद घेतली त्याच मिनिटाला, पुस्तक किंवा पीडीएफ समोर असताना ती तपासायची. उद्या करू म्हटलं की ते होत नाही. लेख असेल तर सर्चच्या पानावरून नोंद उचलू नका, प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथून कनेक्टरचं बटण दाबा, किंवा सरळ डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख नंबर, टाका, १० पासून सुरू होणारा तो नंबर दिला की वर्ष, अंक, पानं सगळं येतं. आलं तरी डोळ्याखालून घालाच. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलं असेल तर त्यावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करा. खंड आणि अंक उलटे पडलेत का बघा. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीची प्रत) उचललाय आणि तोच लेख नंतर जर्नलमध्ये छापून आलाय असं तर नाही ना, तेही बघा.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. शासनाचा रिपोर्ट घातला आणि लेखकाच्या जागी गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र लिहिलं, तर सॉफ्टवेअरला ते माणसाचं नाव वाटतं, मग यादीत छापून येतं 'महाराष्ट्र, जी. ऑफ', आणि हे मी छापून आलेल्या पेपरातसुद्धा बघितलंय. नावाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की नाव आणि आडनाव हे दोन रकाने एक होतात. संस्था असेल तिथे ते दाबायचं, महानगरपालिका असो, आयोग असो की मंडळ.

दुसरं, आपल्याकडची आडनावं. पुण्यावर काहीही लिहा, यादीत चार कुलकर्णी, तीन जोशी, दोन देशपांडे येणारच. एपीएत एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक असले की मजकुरात आद्याक्षर लावतात, ते बरोबरच आहे. पण एकाच कुलकर्णींना तुम्ही एका नोंदीत एस. कुलकर्णी, दुसरीत एस. डी. कुलकर्णी आणि तिसरीत पूर्ण नावाने घातलंत तर सॉफ्टवेअरला ती तीन माणसं वाटतात आणि मजकुरात उगाचच एस., एस. डी. असं यायला लागतं. वि. का. राजवाडे हे एक नाव घ्या. कुठे विश्वनाथ काशीनाथ, कुठे नुसतं राजवाडे, कुठे पुढे इतिहासाचार्य, कुठे रोमनमध्ये. एक रूप ठरवा आणि सगळ्या नोंदींत तेच ठेवा. डॉ., प्रा., कै., रावबहादूर हे सगळं नोंदीतून काढा. आदर आहेच, पण तो नावाच्या रकान्यात घातला की वर्णानुक्रम बिघडतो.

मराठी साधनांचं वेगळंच आहे, आणि यावर कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, त्यामुळे नोंद हातानेच करायची. पुस्तक हातात आलं की पहिलं काम, परवानगी असेल तिथे मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोनवर फोटो काढा, नसेल तर वहीत उतरवा. आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल सगळं त्या दोन पानांवर असतं. गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात बसून हे दोन मिनिटांत होतं, नंतर घरून ते काम फोनाफोनीचं होतं. साल शके असेल तर ७८ मिळवा, शके १८३२ म्हणजे १९१०. पण शक पाडव्याला बदलतो, त्यामुळे अंक माघ-फाल्गुनातला असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे तोच शके १८३२ चा फाल्गुन १९११ मध्ये पडतो. पौष असेल तर पंचांग बघून ठरवा. तारखेच्या रकान्यात इसवी सनच घाला म्हणजे क्रम नीट लागतो, आणि शके एक्स्ट्राच्या रकान्यात लिहून ठेवा, तुमच्याच पडताळणीला लागतो.

अजून एक. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतात, युनिकोडमध्ये नसतात. शीर्षक दिसतं मराठी, पण कॉपी करून पेस्ट केलं की भलतीच चिन्हं येतात. ती दुरुस्त करत बसू नका, शीर्षक स्वतः टाइप करा. जर्नल इंग्रजी असेल तर देवनागरी ठेवायचं की रोमन लिपीत घ्यायचं हे पहिल्या नोंदीलाच ठरवा, एपीएत मूळ शीर्षकानंतर चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा लागतो, तो शीर्षकाच्या रकान्यातच लिहून टाका. आणि स्पेलिंग एकच ठेवा, मुळा-मुठा तीन पद्धतींनी लिहिलेली मी एकाच पेपरात बघितलीय.

शोधगंगेवरचा (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध घेताना तिथे प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, म्हणून लोक प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद करतात. तसं करू नका. प्रकार थीसिस निवडा, एकच नोंद करा, विद्यापीठ आणि साल भरा, आणि सगळ्या पीडीएफ त्या एका नोंदीखाली जोडा. वर्तमानपत्राच्या कात्रणाला तारीख आणि पान नंबर त्याच वेळी लिहा, फोटोत बातमी येते आणि वरची तारखेची पट्टी कापली जाते, पुराच्या बातम्यांच्या वेळी माझ्याकडून हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा परत जाऊन बांधीव खंड काढायला लागला.

लिहायला बसलात की सायटेशन, म्हणजे मजकुरातला दाखला, फक्त झोटेरोच्या बटणानेच घाला. पान नंबर त्याच खिडकीत भरता येतो, 'पाहा' असं आधी लावायचं असेल तर तेही तिथेच. वाक्यात लेखकाचं नाव आधीच आलं असेल, म्हणजे गाडगीळ (१९४५) असं हवं असेल, तर लेखक लपवायचा पर्याय आहे, कंसातलं नाव हाताने खोडू नका. हाताने बदललं की ती जागा पुढे आपोआप अपडेट होत नाही, आणि पुढे जर्नलने स्टाइल बदलायला सांगितली की बाकी सगळं बदलतं आणि ती एकच जागा जुनी राहते. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ ला आली, त्यात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकाचं नाव आणि पुढे 'एट अल' (आणि इतर) येतं. जुन्या पेपरात बघून पाच नावं लिहू नका, स्टाइल निवडली की सॉफ्टवेअर ते स्वतः करतं.

डुप्लिकेट नोंदी डिलीट करू नका, मर्ज करा, यासाठी हे पूर्ण वाचलंत तरी पुरे. माझ्या दुसऱ्या पेपरच्या वेळी रात्री अकराला मी झोटेरोतली लायब्ररी साफ करायला घेतली आणि चौदा नोंदी डिलीट केल्या, दोन-दोन दिसत होत्या म्हणून. त्यातल्या काही नेमक्या वर्डमध्ये वापरलेल्या होत्या. वर्डच्या फाइलमध्ये जुनी माहिती राहिली, त्यामुळे त्या रात्री काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच लेखाचा दाखला राहिलेल्या नोंदीतून परत घातला आणि एकच लेख २०१८ ए आणि २०१८ बी असा दोनदा यादीत आला. माझ्या गाइड मॅडमनी लाल पेनाने तीन ठिकाणी गोल केले, आणि मला सगळ्या पेपरातली सायटेशन एकेक उघडून परत लावायला लागली. तुम्हाला ए-बी दिसलं आणि त्या लेखकाचे त्या वर्षीचे दोन लेख तुम्ही वापरलेले नाहीत, तर समजा डुप्लिकेट आहे. डुप्लिकेट आयटम्समध्ये जा, दोन्ही निवडा, मर्ज करा.

दोघं-तिघं मिळून लिहिताय तर ग्रुप लायब्ररी काढा आणि सगळ्यांनी तिच्यातूनच सायटेशन घाला, आपापल्या लायब्ररीतून नाही. गूगल डॉक्समध्ये लिहून शेवटी वर्डमध्ये न्यायचं असेल तर नुसतं डाउनलोड करू नका, लिंक तुटतात. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये वर्ड प्रोसेसर बदलायचा पर्याय आहे, आधी तो वापरा.

सबमिशनच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री नाही, यादी प्रिंट काढून पेन घेऊन बसा. प्रत्येक डीओआय उघडून बघा, तोच लेख उघडतोय का. हल्ली एआयकडून रेफरन्स घेतले जातात, दिसायला अगदी खरे असतात, लेखक खरा, जर्नल खरं, आणि असा लेखच कधी छापलेला नसतो. जो रेफरन्स तुम्ही स्वतः उघडून वाचलेला नाही तो यादीत ठेवू नका, मग तो कोणीही सुचवलेला असो. झोटेरोत एखाद्या नोंदीवर लाल पट्टी दिसली तर तो लेख मागे घेतला गेलाय, त्याकडे दुर्लक्ष करू नका. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम सांगतात की दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, आणि मोजताना संदर्भयादी आणि दाखला देऊन घेतलेली अवतरणं वगळतात. पण म्हणून दाखला न देता उचललेला एक पॅरा ९ टक्क्यांत बसला तर तो चालतो असं धरू नका, तो दुसऱ्याचाच राहतो.

सगळं झाल्यावर फाइलची कॉपी करा, आणि फक्त त्या कॉपीत अनलिंक सायटेशन्स दाबा (सायटेशनचा झोटेरोशी दुवा तुटून नुसता मजकूर उरतो), मूळ फाइलला हात लावू नका. रिव्ह्यूअरने बदल सांगितले की मूळच लागते, आणि अनलिंक केलेलं परत जोडता येत नाही. नावं स्पष्ट द्या, एकीच्या शेवटी 'मूळ', दुसरीच्या शेवटी 'सबमिशन'. प्रिंटला अप्पा बळवंत चौकात जाणार असाल तर वर्डची फाइल नेऊ नका, घरीच पीडीएफ करून न्या, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की यादीतली जोडाक्षरं तुटतात आणि तिथे रांगेत उभं राहून ती दुरुस्त करता येत नाहीत.