बारावीच्या गणिताचा सराव करताना आधी सोल्युशन झाका

बारावी सायन्सची मुलं येतात आणि म्हणतात, सर रोज दोन तास गणित करतो पण पेपरात सुचतच नाही, मग मी वही मागतो तर सगळी गणितं सोडवलेली, अक्षर मोत्यासारखं, फक्त शेजारी गाईड उघडं ठेवून. मुलांनो, याला उतरवून काढणं म्हणतात.

तर आधी उत्तर झाका. गणित अडलं तर घड्याळ लावून दहा मिनिटं झगडा, तरी नाही सुटलं तर सोल्युशनची फक्त पहिली ओळ बघा, परत झाका, पुढचं स्वतः करा. आणि तेच गणित दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा, हे बहुतेक जण टाळतात आणि खरा फायदा तिथेच आहे.

इंटिग्रेशनचं एक नेहमीचं गणित घ्या, लिमिट शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स, या इंटिग्रलला आय म्हणू. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स टाकलं की खालचं तसंच राहतं, वर साइनचा कॉस होतो, दोन्ही आय मिळवले की आत नुसता १ उरतो, म्हणजे टू आय बरोबर पाय बाय टू आणि उत्तर पाय बाय फोर. झालं? नाही, आता खरा सराव सुरू. सगळीकडे साइन क्यूब, कॉस क्यूब करा, उत्तर तेच येतं, का ते स्वतःला मोठ्याने सांगा. मग वरची लिमिट पाय बाय थ्री करा आणि पाय बाय थ्री वजा एक्स टाकून बघा, खालचं बदलतं आणि युक्ती फसते. कुठे चालत नाही हे हाताने अनुभवलं की कुठे चालते ते आपोआप दिसायला लागतं.

प्रॉबॅबिलिटीत फॉर्म्युला नंतर, आधी यादी लिहा. दोन फासे टाकले, बेरीज निदान १० येण्याची शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे १/६. पण "पहिल्या फाशावर ६ आहे" असं सांगितलं तर ती १/२ होते, आणि "निदान एका फाशावर ६ आहे" म्हटलं तर ५/११! एवढासा शब्द बदलला आणि उत्तर बदललं, म्हणून प्रश्न दोनदा वाचा, जोड्या लिहून मोजा, इथे आळस नको.

अल्जिब्रा आणि ट्रिगमध्ये मार्क जातात ते बारीक चुकांनी. साइन टू एक्स बरोबर कॉस एक्स दिसलं की पोरं सरळ कॉस एक्सने भागतात आणि कॉस शून्य असतानाची उत्तरं गायब होतात. भागू नका, एका बाजूला आणून कॉमन काढा. अशा चुकांची वेगळी वही ठेवा, गणित नको, फक्त चूक एका ओळीत.

चॅप्टर संपला की मिक्स करा. मी मुलांना चिठ्ठ्या करायला लावतो, सगळ्या चॅप्टरची गणितं एका डब्यात, रोज पाच काढायची, कारण पेपरात वर चॅप्टरचं नाव लिहिलेलं नसतं. शेवटच्या दोन महिन्यांत वेळ लावून बसा: बोर्डाचा ८० मार्कांचा पेपर तीन तासांत, सगळ्या स्टेप्स लिहून, आणि सीईटीचे मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला दोन मिनिटंही नाहीत. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका.